डब्यातली फौज

दर मंगळवारी दुपारी चारला जळगावच्या स्टँडवरून धुळ्याची गाडी सुटायची. शिकायला बाहेर राहिलेल्या पोरांचे डबे गाडीवर टाकायची खान्देशात जुनी रीत, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागे डब्यांची एक रांगच असायची. त्या रांगेत एक डबा अभिमन घड्याळवाल्याचा. बाकीच्या डब्यांत भाकरी-भाजी, फार तर कुणाच्या आईने वरून दडपलेला लाडू. अभिमनच्या डब्यात खालच्या खणात असोद्याच्या वांग्यांचं भरीत, आणि वरच्या खणात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली अख्खी फौज. रणगाडे, तोफा, विमानं, जहाजं आणि मधून वाहणारी एक नदी.

शुक्रवारी तोच डबा धुळ्याहून परत यायचा. भरिताच्या जागी कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा. फौज तीच, फक्त अभिमनचे दोन-चार रणगाडे कमी झालेले.

फौज म्हणजे हातात मावणारा एक व्हिडिओ गेम. रंगाने राखाडी, अर्ध्या विटेएवढा, पोटात चार पेन्सिल सेल आणि पाठीत खोचलेली एक छोटी कॅसेट. पडदा हिरवट-पिवळा, मुगाच्या वरणाच्या पाण्यासारखा. आत दिवा नाही, म्हणून खेळायचं तर उन्हाला धरून. अभिमनच्या टेबलावर सकाळी अकरा ते बारा ऊन यायचं. त्या तासात डोळ्याला भिंग लावून तो वाकून बसला की गिऱ्हाइकांना वाटायचं, कुणाचं तरी फार नाजूक घड्याळ उघडलंय. ती बिचारी आवाज न करता उभी राहायची.

त्याचं दुकान स्टँडसमोर. दोन हात रुंदीचं काचेचं टेबल, मागे भिंतीवर पंधरा घड्याळं आणि पंधरांत पंधरा वेळा. राहायला पिंप्राळ्यात. वय बेचाळीस, पण हात असा स्थिर की मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो शेजारच्या पितांबर रेडिओवाल्याशी निवडणुकीवरून भांडायचा, तरी स्क्रू हलायचा नाही. एवढ्या गुणी माणसाला भावकीत ओळखत कशाने, तर 'डाव उधळ्या' म्हणून.

हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं. प्रमिलाबाई, म्हणजे अक्का. धुळ्याला देवपुरात तिचा शिवणक्लास. लहानपणी पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात दोघं ओट्यावर सोंगट्या खेळत. अभिमन हरायला लागला की पट उचलून झटकायचा आणि पळायचा. एकदा तर त्याने कवड्याच विहिरीत टाकल्या. लहान पोर म्हणून लोक विसरलेही असते, पण अक्का विसरू देईल तर ना. लग्नकार्यात पंगत बसली की तिचं सुरू व्हायचं, "आमचा अभिमन साऱ्या जळगावची घड्याळं चालू ठेवतो, फक्त डाव तेवढा चालू ठेवत नाही."

तेही खपून गेलं असतं. पण पुढे टीव्हीचं प्रकरण झालं.

अक्काचा थोरला रुपचंद बोटीवर नोकरीला होता. एका फेरीत त्याने टीव्हीला जोडायचा गेम आणि लढाईची एक कॅसेट आणली. ही लढाई धडाधड गोळ्या मारायची नव्हती. आधी एकाने आपली सगळी फौज हलवायची, मग हाताची घडी घालून दुसऱ्याची चाल बघायची. वाटेतली शहरं घ्यायची, कारखान्यातून नवे रणगाडे काढायचे आणि समोरच्याच्या राजधानीत आपला शिपाई नेऊन बसवायचा. अक्षरं परक्या मुलखाची, आपल्या बाराखडीत न बसणारी. घरातली मंडळी दहा मिनिटांत कंटाळून उठली. भाऊ-बहीण मात्र दोन दिवाळ्या त्या टीव्हीपुढून हलले नाहीत. दर वेळी डाव अर्ध्यात असताना अभिमनची परतीची गाडी व्हायची, नाहीतर दाजींची बातम्यांची वेळ.

एक्क्याण्णवच्या भाऊबीजेला मात्र डाव रंगात आला. अक्काचे रणगाडे अभिमनच्या राजधानीशी पोचले. अभिमन पाणी प्यायला उठला, वायरीत त्याचा पाय अडकला आणि प्लग निघाला. टीव्ही काळा.

"पाय लागला," अभिमन म्हणाला.

खरोखरच लागला होता. पण त्या खोलीत अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा हसली. तेव्हापासून भावकीत कुणी शब्द फिरवला, कुणी सोयरीक मोडली की लोक म्हणायचे, "पाय लागना वाटतं!"

मग चौऱ्याण्णवच्या गुढीपाडव्याला रुपचंदने हा हातातला गेम आणला. टीव्हीवरच्या त्याच लढाईचा धाकटा भाऊ. नियम तेच. रंग गेले, नकाशावरची घरं मधमाशीच्या पोळ्यासारखी झाली, आणि मुख्य म्हणजे डाव अर्ध्यात बंद करून कॅसेटीतच साठवता येऊ लागला. अक्काने तो उलटासुलटा करून बघितला आणि भावापुढे धरला.

"अभिमन, याला वायर नाही बरं का. आता पाय कशाला लावशील?"

सगळे हसले. अभिमनची बायको द्रौपदाबाई सगळ्यांत जास्त. अभिमन हसला नाही. त्याने गेम हातात घेतला आणि म्हणाला, "सगळ्यात मोठा नकाशा काढ अक्का. हारजीत जाऊ दे. हा डाव मी संपवून दाखवतो. मधे सोडला तर सगळ्यांसमोर म्हण मला उधळ्या, मी मान खाली घालून ऐकेन."

आता धुळे-जळगाव अंतर काय रोज चालण्यातलं नाही, म्हणून डब्याची युक्ती निघाली. आठवड्याला एक चाल अक्काची, एक अभिमनची. अक्षरं कळत नसल्याने दोघांनी नकाशालाच आपली नावं दिली. नदी झाली गिरणा. धुरांड्याच्या चित्राला साखर कारखाना म्हणायचं, मग साखर कारखान्यातून रणगाडे निघायचे. मधलं मोठं शहर चाळीसगाव. पायी चालणारा शिपाई म्हणजे गडी. डब्यात एक चिठ्ठीही असायची. "चाळीसगाव घेतलं. भाकरी गरम करून खा." किंवा, "तुझी तोफ उन्हात किती दिवस उभी करणार आहेस? सावलीला घे."

पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत चौतीस आठवडे झाले, चौतीस चाली झाल्या आणि अभिमन चांगलाच अडचणीत आला. चाळीसगाव गेलेलं, दोन्ही साखर कारखाने गेलेले. अक्काचे रणगाडे त्याच्या राजधानीपासून सहा घरांवर. त्याच्याजवळ एकच हुकूम उरला होता. त्याने एक जहाज समुद्राच्या कडेकडेने अक्काच्या मुलखाकडे सोडलं होतं आणि त्याच्या पोटात एक गडी बसवला होता. जहाज पडद्यावर दिसायचं, पण पोटात कोण आहे ते समोरच्याला दिसायचं नाही. अक्काने आपली राजधानी रिकामी टाकून सगळी फौज पुढे आणलेली. अजून चार चाली मिळाल्या की गडी उतरणार आणि धुळं जळगावच्या ताब्यात.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी डबा आला. शनिवारी अकराला टेबलावर ऊन आलं तसं अभिमनने गेम चालू केला. जिथे साठवलेला डाव दिसायचा ती जागा कोरी. बंद करून पुन्हा चालू केला तर डाव हजर. तिसऱ्यांदा पुन्हा कोरी. चौथ्यांदा हजर.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होतं असं कधी कधी. पण अभिमनने उभा जन्म बटण-सेलांत काढलेला. मरायला टेकलेलं घड्याळ असंच करतं, दोन तास चालतं, तासभर थांबतं. पेन्सिल सेल कालच नवे घातलेले. म्हणजे कॅसेटीच्या आत दुसरा सेल असणार आणि डावाची आठवण त्याच्या जिवावर असणार.

कॅसेटीचा स्क्रू कुठल्याच पेचकसाला दाद देईना. अभिमनने एका बॉलपेनचं टोक मेणबत्तीवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं, थंड होऊ दिलं. पेनाला स्क्रूचा साचा आला. त्याच पेनाने स्क्रू उघडला. आत खरंच बटण-सेल होता, पट्ट्यांना धातूचा डाग देऊन जागच्या जागी पक्का केलेला. मीटर लावला. तीन व्होल्ट पाहिजेत, निघाले दोन.

पितांबर शेजारून डोकावला. "सेल बदलून टाक की. घड्याळात नाही बदलत?"

"घड्याळाला आठवण नसते. सेल काढला की थांबतं, घातला की चालतं. यातला काढला तर डाव पुसला जाईल."

"गेला तर जाऊ दे. तसाही तू हरतोच आहेस. बहिणीला सांग, सेल मेला."

अभिमनने भिंग काढून त्याच्याकडे पाहिलं. "घड्याळवाल्याच्या हातात सेल मेला? तोही हरताना?"

पितांबरने विचार केला. "नाही पटणार तिला."

"तुला पटेल?"

"मलाही नाही पटणार," पितांबर प्रामाणिकपणे म्हणाला.

घरी द्रौपदाबाईने वेगळा सल्ला दिला. "डबा एक आठवडा ठेवून घ्या. वन्संना चिठ्ठी लिहा, गेम बिघडलाय म्हणून. खरं तेच लिहायचंय ना?"

"एक्क्याण्णवला पण खरं तेच सांगितलं होतं," अभिमन म्हणाला आणि जेवायला बसला. मंगळवारच्या गाडीने डबा जाणार, डावासकट जाणार, एवढं त्याचं ठरलं होतं. कसा जाणार ते ठरायचं होतं.

टेबलाच्या खणात कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेली एक फोन नंबरांची इलेक्ट्रॉनिक डायरी पडली होती. तिच्यातही तसाच सेल आणि तशीच आठवण. तिच्यात एक ते नऊ आकडे भरायचे, सेल काढायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरा घालायचा आणि आकडे राहिले का बघायचं. पहिल्यांदा पुसले गेले. दुसऱ्यांदा पुसले गेले. सातव्यांदाही. अभिमनचे हात जळगावात सगळ्यांत चपळ असतील, पण त्या डायरीला त्याची पर्वा नव्हती.

रविवारी दुपारी धुळे गाडीचा कंडक्टर लोटन नाना त्याच्या बाकड्यावर चहा पीत बसला होता. गाडी फलाटावर उभी, प्रवासी आत बसून ओरडतायत.

"नाना, गाडी सोडा की. लोक शिव्या देतात."

"देऊ दे," लोटन नानाने बशीत फुंकर मारली. "मन्ही ड्युटी सरनी. पन बदलीना गडी अजून वना नही. तो येस नही तवलोंग माले गाडी सोडीसन जाता येत नही. तो वना, पेटी त्यान्हा हातमा दिधी, मंग मी मोकया. गाडीले घडीभर बी बेवारस ठेवता येत नही, भाऊ."

अभिमनचा चिमटा हवेतच थांबला. तो दोन दिवस जुन्याला आधी काढून नव्याला पळवत आणत होता. जुना जागेवर असतानाच नव्याला शेजारी उभा करायचा. नव्याने भार घेतला की मगच जुन्याला सुट्टी. त्याने नानाला दुसरा चहा मागवला. कशाबद्दल ते नानाला शेवटपर्यंत कळलं नाही.

डायरीवर त्याने लगेच करून बघितलं. नव्या सेलाला केसाएवढ्या दोन तारा, तारांची टोकं जुन्याच्या पट्ट्यांवर, मग जुना सावकाश कापून काढला. एक ते नऊ आकडे जागच्या जागी. पुन्हा केलं, पुन्हा जागच्या जागी. अकरा वेळा केलं. अकराव्यांदा पितांबर म्हणाला, "आता पुरे, नाहीतर डायरीच मरेल."

सोमवारी दुपारी एकला अभिमनने दुकानाचं फळकूट आडवं लावलं. सोल्डरिंगचं हत्यार पितांबरचं. ते देताना त्याने बजावलं, "हे थोडं करंट मारतं. गरम कर, आणि टेकवायच्या आधी प्लग काढ, नाहीतर कॅसेटीचा कोळसा. ऐकलंस ना? जन्मात एकदा तरी प्लग वेळेवर काढ."

अभिमनने प्लग काढला. नव्या सेलाची तार पहिल्या पट्टीवर धरून गरम टोक टेकवलं, मोजून दोन आकडे, उचललं. प्लग लावला, गरम केलं, काढला, दुसऱ्या पट्टीवर टेकवलं. बाहेर कुणीतरी फळकुटावर थाप मारून घड्याळ मागत होतं. त्याने मान वर केली नाही. मीटर लावला, तीन व्होल्ट. मग नखं कापायच्या कात्रीने जुन्या सेलाची पट्टी तोडली, एक बाजू, दुसरी बाजू. जुना सेल टेबलावर पडून घरंगळत गेला आणि खाली कुठेतरी हरवला.

कॅसेट मिटवून गेममध्ये खोचली आणि गेम फळकुटाच्या फटीतल्या उन्हाला धरला. गेम चालू केला. डाव समोर होता. बंद केला, चालू केला, डाव समोर. पितांबरने मोजलं, वीस वेळा त्याने बंद-चालू केलं. एकविसाव्या वेळी पितांबरने त्याचा हात धरला.

मग अभिमनने आपली चाल केली, जहाज आणखी पुढे सरकवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. इथे माणसाचा स्वभाव आडवा आला. नुसतं "तुझी चाल" लिहिलं असतं तर भागत होतं. पण तीन दिवस जीव टांगणीला लावून वाचवलेला डाव, आणि समोरच्याला पत्ता नाही? त्याने लिहिलं, "अक्का, कॅसेटीतला सेल मरत होता. मी बदलला. डाव जसाच्या तसा आहे. विश्वास नसेल तर एकेक रणगाडा, एकेक गडी मोजून घे."

मंगळवारी डबा गेला.

अक्काला विश्वास नव्हताच. भाऊबीजेच्या त्या दुपारनंतर ती प्रत्येक चालीला सगळा नकाशा कापड बेतायच्या खाकी कागदावर खडूने उतरवून ठेवायची. कुठे काय उभं आहे, कुणाचे किती मेले, सगळं. चिठ्ठी वाचून तिने क्लासच्या मुलींना काजं करायला बसवलं, पस्तीस कागद मशीनवर पसरले आणि मोजायला घेतलं.

शुक्रवारी डबा परत आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, "मोजलं. गडी सात पाहिजेत, सहाच दिसतात. सातवा मारल्याची नोंद माझ्याकडे नाही. म्हणजे तो जहाजात बसलाय. जहाज विमानाने बुडवलं. गड्याला पोहता येत असेल तर कळव. बाकी बठ्ठं बरोबर शे."

अभिमनने कपाळाला हात लावला. आठ आठवडे लपवलेला गडी त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून बुडवला होता. द्रौपदाबाईने चिठ्ठी वाचली आणि पदर तोंडाला लावला. पितांबरला तर खालीच बसावं लागलं.

"एवढं मरमर करून वाचवलास डाव, तो हरायला?" पितांबर म्हणाला.

अभिमनने चिठ्ठी परत वाचली. शेवटची ओळ, बाकी सगळं बरोबर असल्याची, त्याने दोनदा वाचली. "संपवायला," तो म्हणाला. "ऊन कुठवर आलंय बघ."

राजधानी अजून उभी होती. त्याने उरलेले सहा गडी तिच्याभोवती उभे केले आणि झुंजायला लागला. पाच राहिले, चार राहिले. संक्रांतीला अक्काने तिळगुळाबरोबर लिहिलं, "सोडतोस का?" त्याने उलट लिहिलं, "गोड बोल." एका तोफेच्या जोरावर त्याने तिचे तीन रणगाडे अडवून धरले, गोळे संपले तरी तोफ रस्त्यातून हलवली नाही. स्टँडवर आता ड्रायव्हर-कंडक्टरांनाही बातमी लागली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारायचं, "काय भाऊ, जळगाव पडलं का?"

"अजून नाही," अभिमन घड्याळातून मान न काढता सांगायचा.

महाशिवरात्रीच्या आधीच्या मंगळवारी त्याने शेवटचा गडी हलवून डबा पाठवला. अक्काचा गडी राजधानीच्या दारात पोचला होता. आता तिने फक्त आत शिरायचं होतं.

शुक्रवारी लोटन नाना रिकाम्या हाताने दुकानाकडे आला.

"नाना, डबा?"

"डबा शे," नाना म्हणाला. "पन आज डबाले पाय फुटनात."

त्याच्या मागून अक्का येत होती. हातात पिशवी, पिशवीत डबा, उन्हाने कपाळ लाल. बाकड्यावर बसली, पाणी प्याली आणि फडकं सोडून गेम टेबलावरच्या उन्हात ठेवला.

"चाल करून पाठवायची होती की," अभिमन म्हणाला. "कशाला एवढी दगदग?"

"शेवटची चाल डब्यातून करायची असते का रे?" अक्का म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचंय."

"बघ."

"मान वर कर."

त्याने भिंग काढलं आणि मान वर केली. अक्काने बटण दाबलं. तिचा गडी राजधानीत शिरला, अभिमनचं इवलंसं निशाण खाली आलं, आणि गेमच्या पोटातून पिपाणीसारखं एक गाणं सुरू झालं.

दोघंही दचकली. टीव्हीवरचे धरून या दोघांचा एकही डाव आजवर शेवटाला गेला नव्हता. संपल्यावर गाणं वाजतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

"हे काय वाजतंय?" अक्का म्हणाली.

"तू जिंकलीस ते."

दोघं गेमवर वाकली. पितांबर आपला रेडिओ बंद करून आला. लोटन नाना गाडीला वेळ होऊनही थांबला. गाणं फार काही बरं नव्हतं, बँडवाल्याच्या पोराने नवी पिपाणी घेतल्यासारखं, पण लांब होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पुढे आलं आणि काचेवर बोटं वाजवली.

"भाऊ, माझं घड्याळ झालं का? सकाळपासून तिसरी चक्कर आहे."

अभिमनने हात वर केला, नजर पडद्यावरून न काढता.

"झालंय. पण गाणं संपू द्या आधी."